बारसं उशिरा केलेलं बरं

कादंबरीकाराची खरी चैन कुठली, तर त्याला माणसाचं बारसं उशिरा करता येतं. पात्र चाळिशीला आलेलं असतं, त्यानं भावाची जमीन गिळलेली असते, विधवा वहिनीला घराबाहेर काढलेलं असतं, आणि मग लेखक निवांत टेबलाशी बसून त्याला शोभेलसं नाव शोधतो. तुमच्याआमच्या नशिबी ही सवलत नाही. बाराव्या दिवशी पाळण्यात जे काही असतं ते फक्त रडतं आणि झोपतं. एवढ्या माहितीवर आत्याबाई त्याच्या कानात 'धैर्यशील' म्हणून मोकळ्या होतात, आणि पुढची साठ वर्षं तो माणूस कोपऱ्यावरच्या कुत्र्याला भिऊन लांबच्या वाटेनं घरी येतो.

मी कापड्याचा. पोलादपूरहून उमरठकडे निघालात की वाटेत कापडे बुद्रुक लागतं. पोलादपुरात पोलाद ओतत नाहीत आणि कापड्यात कापड विणत नाहीत, त्यामुळे नावाचा आणि मालाचा काही संबंध असतो अशी आमची लहानपणापासूनच अपेक्षा नाही. जुन्या मराठी कादंबऱ्या वाचायला घेतल्या तेव्हा म्हणूनच धक्का बसला. तिथं सगळं बिनचूक जुळत होतं.

लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 सालची. तिच्यात नायक धनशंकर आणि खलनायक शुक्लाक्ष. शुक्लाक्ष हे नाव नुसतं उच्चारलं तरी दातांत काहीतरी अडकतं. या नावाचा इसम संध्याकाळी दारात उभा राहिला, तर तो पंचांग मागायला आलेला नाही हे कापड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सात वर्षांनी नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' आली. तिचा नायक वसंतमाधव. एकाच नावात ऋतू आला, देव आला, आणि नायिकेला काय दिसणार आहे तेही आलं. असल्या नावाचा माणूस कधी चिखलणीला उतरला असेल, नाचणीची भाकरी चुरून खाल्ली असेल, हे डोळ्यांपुढे येईना.

यात त्या बिचाऱ्या लेखकांचा दोष नाही. नाट्यशास्त्रानं नावांचे नियमच घालून ठेवले होते. गणिकेच्या नावाच्या शेवटी दत्ता किंवा सेना यावं, व्यापाऱ्याच्या नावाच्या शेवटी दत्त यावं, अशी सगळी व्यवस्था. 'मृच्छकटिका'त वसंतसेना आणि चारुदत्त भेटतात, तेव्हा प्रेक्षकाला दोघांचा पत्ता नावावरूनच लागलेला असायचा. आज आपण 'आडनाव काय म्हणालात?' असं हळूच विचारून जी चौकशी करतो, ती त्या काळी उघडपणे रंगमंचावरूनच व्हायची, एवढाच फरक.

साहेबाकडेही हेच होतं. डिकन्सनं 1854 साली 'हार्ड टाइम्स' लिहिली. पोरांच्या डोक्यात नुसती माहिती भरडून कोंबणाऱ्या गृहस्थाचं नाव त्यानं ठेवलं ग्रॅडग्राइंड, आणि त्याच्या शाळेतल्या मास्तराचं मॅकचोकमचाइल्ड, म्हणजे सरळसरळ पोरांचा गळा आवळणारा. आमच्या शाळेत या नावाचे गुरुजी बदलून आले असते तर पहिल्याच पालकसभेत ठराव झाला असता.

नाटकवाल्यांना तर धीरच नसतो. एका रात्रीत सगळं उरकायचं, मग स्वभाव दाखवत कोण बसणार? देवलांनी 1899 च्या 'शारदे'त पैशासाठी लेक म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाला कांचनभट म्हटलं आणि त्या म्हाताऱ्याला भुजंगनाथ. गावातल्या कुणी नुसती दोन नावं शेजारी शेजारी वाचली असती तरी पुढचे अंक टळले असते. गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त तळीराम आणला. तो इतका तळाशी पोचला की आजही एकतीस डिसेंबरच्या रात्री नाक्यानाक्यावर पोलीस 'तळीरामां'ना पकडतात. पकडणाऱ्याला, पकडलेल्याला आणि बातमी लिहिणाऱ्याला, तिघांनाही गडकरी आठवत नसतात. 1919 साली रंगमंचावर आलेला एक माणूस आज अनेकवचनात पोलीस ठाण्यात बसतो, ही लेखकाला मिळालेली खरी रॉयल्टी.

पण या विद्येतला माझा आवडता हात चिं. वि. जोशांचा. चिमणराव म्हटल्यावर जीव केवढा असेल ते कळलंच. गुंड्याभाऊ म्हटल्यावर सोटा दिसलाच. गंमत त्याच्या पुढे आहे. चिमणरावांच्या बायकोचं नाव काऊ. म्हणजे घरात चिऊ आणि काऊ. एकाचं घर मेणाचं आणि एकाचं शेणाचं ही गोष्ट ज्यानं आईच्या मांडीवर ऐकली, त्याला हा संसार कसा चालणार ते पहिल्याच पानावर समजतं. मुलं कोण? मोरू, मैना आणि राघू. चिंविंनी अख्खं घरटं भरवलं आणि वर काही सांगितलंही नाही. मी हे सगळं कितीतरी वर्षं नुसतं हसत वाचत होतो. एके दिवशी एकदम लक्षात आलं, आणि मग घरातल्या प्रत्येकाला पकडून पकडून सांगितलं. घरातल्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. शुक्लाक्षवाले लेखक नाव कपाळावर चिकटवतात, आणि चिंवि ते खिशात सरकवतात. ज्याचं त्यानं कधीतरी चाचपून पाहावं.

हरिभाऊ आपट्यांनी नावाची ही जत्रा आवरती घेतली. 1890 साली 'करमणूक' निघालं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागली, तेव्हा वाचकांना पहिल्यांदाच शेजारच्या वाड्यातली माणसं भेटली. यमू, दुर्गी, अशी पाण्याच्या घागरीसारखी रोजची नावं. आणि त्यांत सगळ्यात भयंकर माणसाचं नाव काय, तर शंकर मामंजी. शंकर म्हणजे देवांत सगळ्यात भोळा. मामंजी म्हणजे ज्याच्यासमोर सुनेनं मान वर करायची नाही असा सासरघरचा वडीलधारा. भोळ्याचं नाव, वडिलकीचं बिरूद, आणि आत भलतंच. कापड्यातल्या शेंबड्या पोराची परीक्षा इथं नापास होते. असले लोक शुक्लाक्ष नावानं येत नाहीत हे हरिभाऊंना पक्कं कळलं होतं. ते येतात सत्यनारायणाच्या तीर्थाची वाटी घेऊन.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. मराठी कादंबरीत मुलीचं नाव यमुना ठेवू नये. बाबा पदमनजींच्या 1857 च्या 'यमुनापर्यटन'मध्ये यमुनेचा नवरा मरतो, हरिभाऊंच्या यमूचाही मरतो. पुराणात यमुना ही यमाची बहीण. भाऊ बहिणीकडे येणारच, पण मेहुण्याला घेऊन जावं ही कुठली रीत!

आता कापड्याकडे येतो. नाक्यावर एसटीची वाट बघत उभे राहा आणि कुणाच्याही पाठीकडे बघून 'तुकाराम!' अशी हाक मारा. चार माना वळतील, आणि पाचवा तुकाराम वळणार नाही कारण त्यानं तुमच्याकडून पैसे घेतलेले असतील. आमच्या भागात माळकरी फार, त्यामुळे तुकाराम, पांडुरंग, ज्ञानेश्वर ही नावं घरटी एक. आडनावाचा उपयोग शून्य, कारण अख्ख्या वाडीचं आडनाव एक. बापाचं नाव लावावं तर बापही पांडुरंगच. पोस्टमनला या परिस्थितीत ज्ञानेश्वरांइतकंच अंतर्ज्ञान लागतं.

म्हणून गावानं आपली सोय करून घेतली आहे. पाळण्यातलं नाव रेशनकार्डापुरतं. खरं नाव गाव ठेवतं, आणि कादंबरीकारासारखंच माणूस पुरता कळेपर्यंत थांबून ठेवतं. त्यासाठी अर्ज नाही, सभा नाही, अपील तर नाहीच नाही. पारावर बसल्या बसल्या कुणीतरी एक शब्द टाकतो, बाकीचे हसतात, आणि झालं बारसं. पेढे नाहीत. ज्याचं नाव ठेवलं त्याला ते सगळ्यात शेवटी कळतं, बहुधा स्वतःच्या सासुरवाडीला.

आमच्याकडे एक गृहस्थ 'आलोच' आहेत. कुठल्याही कामाला बोलवा, 'आलोच' म्हणतात. शेवटचे कधी आले होते यावर गावात दोन मतं आहेत. एक 'हवालदार' आहेत. पोलीस खात्याशी संबंध नाही, पण एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाची, कुठून आलात, कुणाकडे, किती दिवस, पिशवीत काय, अशी जबानी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. एक 'घोरपड' आहेत. चहाला बसले की सुटत नाहीत. पाळण्यातली नावं मी मुद्दामच देत नाही, कारण मला अजून याच नाक्यावर चहा प्यायचा आहे. आणि खरं सांगायचं तर एकाचं मला आठवतही नाही.

गावच्या या खात्याची ताकद किती, ते महाडकडे बघा. महाड तालुक्यात एक आंबवडे गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरातून माणसं सैन्यात गेली, बाप गेला मग मुलगा गेला मग नातू गेला. लोक म्हणू लागले 'फौजी आंबवडे'. आज ते नाव पाटीवर आहे, पत्त्यात आहे. टोपणनाव दप्तरी लागलं म्हणजे त्याच्या वरचा सन्मान नाही. भारतभर सरकार समित्या नेमून शहरांची नावं बदलतं आणि लोक जुनीच वापरत राहतात. इथं लोकांनी बदललं आणि सरकारनं मुकाट लिहून घेतलं.

याच्या अगदी उलट कारभार आमच्या डोंगरापलीकडे जावळीत होता. मोऱ्यांच्या गादीवर जो बसेल तो चंद्रराव. पाळण्यातलं नाव काही असो, स्वभाव कसाही असो, एकदा बसला की चंद्रराव. 1656 साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तोवर हे चाललं होतं. नाव तयार, माणूस आत सरकवायचा. आजही तालुक्याच्या कचेऱ्यांत दारावरची पाटी तीच राहते आणि साहेब बदलतात, तेव्हा मला चंद्ररावांची आठवण होते.

आणि एक नामकरण असं होतं, ज्यात स्वभाव बघायला फुरसतच नव्हती. ज्या घरात पोरं जगत नसत तिथं पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, कचरू, भिकू. यम आला तर त्यानं यादी वाचून म्हणावं, दगड आणि कचरा नेऊन काय करायचं, आणि पुढच्या घरी जावं. यमाशी खेळलेला हा गनिमी कावा. हे दगडू पुढे नव्वदीपर्यंत जगले, नातवांना लोण्यासारखे मऊ वागले, आणि नाव शेवटपर्यंत दगडूच. याच पद्धतीची दुसरी बाजू मात्र हसण्यासारखी नाही. तिसऱ्याचौथ्या मुलीला 'नकोशी' म्हणायचे. त्यात यमाला फसवणं नव्हतं, पोरीलाच सांगणं होतं. घाटावर सातारा जिल्हा परिषदेनं 2011 साली अशा मुलींना एकत्र बोलावून त्यांची नावं बदलली. काहींनी आपलं नाव आपणच निवडलं. वयात आल्यावर, स्वतःला ओळखून, स्वतःचं बारसं. कादंबरीकाराचा हक्क त्या पोरींनी स्वतः बजावला म्हणायचा.

कोकणच्या कादंबरीला गावाची ही पद्धत ठाऊक आहे. श्री. ना. पेंडशांनी 1952 साली पुस्तकाचं नावच ठेवलं 'गारंबीचा बापू'. आधी गाव, मग माणूस. बाप विठोबा, अण्णा खोताच्या घरी पाणी भरणारा. विटेवर उभा केलेला असावा असा सगळं मुकाट सोसणारा. आणि पोरगा उनाड, पण त्याला हाक मारायची 'बापू', जी हाक एरवी घरातल्या कर्त्याला मारतात. सगळ्या गारंबीला वाटतं की नाव चुकलं. पुढे तोच सुपारीच्या धंद्यात वर येतो आणि गावाला त्याच नावानं, पण वेगळ्या सुरात हाक मारावी लागते. अक्षरं तीच. आमच्याकडे मुंबईहून पैसा घेऊन येणाऱ्या चाकरमान्याच्या बाबतीत हा सुराचा बदल एसटीच्या पायरीवरच ऐकू येतो.

नेमाड्यांनी 'कोसला'त याच्याही पुढची चाल केली. पांडुरंग सांगवीकर सांगवीहून पुण्याला शिकायला जातो, वाचकाला वाटतं आता याचं काहीतरी होणार. पण आडनावातच परतीचं तिकीट काढून दिलेलं होतं. मुंबईत गेलेल्या आमच्या कितीतरी माणसांच्या मागे असं गाव लागलेलं असतं. चाळीत त्यांना कुणी नावानं ओळखत नाही, 'कापड्याचे' म्हणून ओळखतात.

हे सगळं लिहायला बसलो ते खरं तर शेजारच्या उमरठमुळे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी तिथं आहे, आणि हरिभाऊंनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली ती त्यांच्यावरच. कोंढाणा घेतला त्या रात्रीतली नावं जरा ओळीनं मांडून बघा. तारीख 4 फेब्रुवारी 1670, माघ वद्य नवमी. गडावरच्या किल्लेदाराचं नाव उदयभान. उदयभान म्हणजे उगवता सूर्य. त्याला मारलं रात्री, उजाडायच्या आत. तानाजींच्या भावाचं नाव सूर्याजी. तो फौज घेऊन कल्याण दरवाजानं आत शिरला आणि लढाई फिरली. म्हणजे एक सूर्य मावळला, दुसरा उगवला, आणि दोन्ही अंधारात. एखाद्या नवोदित लेखकानं हे रचून आणलं असतं तर संपादकांनी समासात लिहिलं असतं, 'प्रतीकं कमी करा.' इतिहासाला संपादक नसतो. शुक्लाक्ष-वसंतमाधववाल्यांना आपण उगाच हसतो, असं त्या रात्रीपुरतं वाटतं.

बरं, सिंह. गड कोंढाणा होता, सिंह पडला म्हणून सिंहगड झाला, हे आपण चौथीत शिकलो. पण इतिहासाचे अभ्यासक दाखवून देतात की 1670 च्या आधीच्या पत्रांतही 'सिंहगड' हे नाव येतं. म्हणजे नाव आधीच ठेवलेलं होतं. गड ते घेऊन वाट बघत बसला होता, कुणीतरी येईल आणि हे नाव खरं करील. आमच्या पारावरच्या सगळ्या सिद्धान्ताला यामुळे तडा जातो, हे मला कबूल आहे. पारावर हे सांगून पाहिलं. 'आलोच' म्हणाले, विचार करून सांगतो.

आणि घोरपड! तुळशीदास शाहिरांच्या पोवाड्यानं घराघरात पोचवलेली ती यशवंती. इतिहासकार तिला मानत नाहीत, पण आमच्या भागात तिच्याविरुद्ध बोलून बघा. नाव यशवंती, आणि पोवाड्यात दोर बांधून सोडलेली ती कड्यावरून माघारी येते! पुन्हा सोडली, पुन्हा माघारी. शेवटी तानाजी तिला कापून भाकरीबरोबर खायची धमकी देतात, तेव्हा कुठे तिला आपलं नाव आठवतं. नावाप्रमाणे वागायला लावणारी ही पद्धत धैर्यशीलवर कुणी वापरून पाहिलेली नाही. रायगड जिल्ह्यातच खोपोलीला गिर्यारोहकांची एक संस्था आहे, तिनं आपलं नाव 'यशवंती हायकर्स' ठेवलं. डोंगरात अडकलेल्यांच्या मदतीला ही मंडळी धावतात. त्यांनी तानाजीचं नाव घेतलं नाही, सूर्याजीचंही नाही. कडा चढायचा तर आदर्श घोरपडीचाच, हे त्यांना कळलं.

त्या रात्रीच्या सगळ्यांत मला जास्त जवळचे वाटतात ते तानाजींचे मामा, शेलारमामा. परंपरा सांगते वय ऐंशी. तानाजी पडल्यावर म्हातारा पुढे झाला आणि उदयभानाला त्यानं आडवा केला. पण त्यांचं पाळण्यातलं नाव काय? दहा माणसांना विचारा, नऊ डोकं खाजवतील. भाच्याचे मामा ते सगळ्या महाराष्ट्राचे मामा झाले, नाव कुठे पडलं कुणी बघितलं नाही. शंकर मामंजींच्या शेजारी शेलारमामांना उभं करा. नातं दोघांच्याही नावात आहे, पण एकाच्या नावानं सुनेला घाम फुटतो आणि दुसऱ्याच्या नावानं ऐंशीव्या वर्षी हातात तलवार घ्यावीशी वाटते.

यंदा गणपतीला आमच्या शेजारच्या घरी मुंबईहून लेक, जावई आणि सव्वा वर्षाचा नातू आले होते. नातवाचं नाव मोबाइलवर शोधून काढलेलं. त्याचा अर्थ तिघांनी तीन सांगितला. एकानं पहाट, एकानं विष्णू, आणि जावयांनी म्हणे 'युनिक'. आजीच्या जिभेला ते वळेना. पहिले दोन दिवस तिनं प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी 'बाळ्या' वर आली. पोरगं 'बाळ्या' म्हटलं की धावतं आणि खऱ्या नावाला ढिम्म. आई रडकुंडीला आली. मी तिला समजावलं, "ताई, काळजी करू नका. बाळ्याही काही राहायचा नाही. अजून त्यानं गावाला स्वभाव दाखवलेला नाही."

गौरी-विसर्जनाच्या दिवशी त्यानं दाखवला. आमच्या 'हवालदारां'नी त्याला कडेवर घेऊन त्याचीही चौकशी सुरू केली होती, कुणाचा रे तू, कधी जाणार. त्यानं शांतपणे त्यांचा चष्मा काढला, नीट बघितला आणि ओढ्यात टाकला. संध्याकाळी पारावर नाव निघालं. सगळ्यांना एकदम पटलं, हवालदारांनाही. फक्त ते छापण्यासारखं नाही.